हा दंड ठरवला कोणी?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, माझी पार्किंगची जागा आहे. सोसायटीनेच वाटपपत्र देऊन दिलेली, जिचे पार्किंग चार्जेस मी दर महिन्याच्या बिलात भरते अशी. त्याच जागेवर उभ्या असलेल्या माझ्या गाडीला गेल्या वर्षी एका खासगी एजन्सीने दंड लावायला सुरुवात केली. ते सगळे दंड रद्द होऊन माझ्या बिलातून उतरेपर्यंत बरेच महिने गेले. या काळात जे कळलं ते आधीच कोणी सांगितलं असतं तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पार्किंगचं काम बाहेरच्या एजन्सीला देणारी आता आमची एकटीच सोसायटी नाही, त्यामुळे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी एक स्पष्ट करते. पार्किंगला शिस्त हवी याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. आमच्याकडे 160 फ्लॅट आहेत आणि गाड्या त्याहून जास्त. मेट्रोच्या कामामुळे बाहेर सर्व्हिस रोडवर गाडी लावायची सोय राहिलेली नाही, लावली तर टोइंग व्हॅन उचलते. त्यामुळे पाहुण्यांच्या, भाडेकरूंच्या, घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या आत येतात आणि अग्निशमन बंबाच्या वाटेवर उभ्या राहतात. बी विंगमध्ये एकदा रात्री अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा मधल्या दोन गाड्यांचे मालक सापडेपर्यंत सगळे खाली उभे होते. कमिटीने काहीतरी करायलाच हवं होतं. कमिटीने एजन्सी नेमली, नवे स्टिकर आणले, आणि सांगितलं की स्टिकर नसलेल्या गाडीला पावती आणि जॅमर.

स्टिकरसाठी आरसीची प्रत द्यायची होती. माझी गाडी कंपनीने लीजवर दिलेली आहे, आरसीवर नाव लीजिंग कंपनीचं. मी ऐरोलीच्या ऑफिसमधून एचआरचं पत्र आणलं, त्यावर गाडीचा नंबर, माझं नाव, एम्प्लॉयी कोड, सगळं होतं. एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला, “आरसी मेंबरच्या नावावर नाही मॅडम, सिस्टीम घेत नाही.” मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, “एजन्सी बघते ते सगळं, त्यांच्याशी बोला.” एजन्सी म्हणे कमिटीशी बोला. त्या आठवड्यातच काचेवर पहिली पावती चिकटली.

त्या पावतीवर काय होतं आणि काय नव्हतं, हे नीट सांगते, कारण पुढची सगळी लढाई त्यावर उभी राहिली. गाडीचा नंबर होता, विंग होती, वेळ होती, “अनधिकृत पार्किंग” असं छापलेलं होतं आणि खाली 1,000 रुपये. त्याखाली पैसे भरायला क्यूआर कोड. पावती कोणी फाडली त्याचं नाव नव्हतं, सही नव्हती, सोसायटीचा शिक्का नव्हता. कोणत्या नियमाखाली, कोणत्या ठरावाने हा दंड लागला ते नव्हतं. पटत नसेल तर कोणाकडे दाद मागायची, त्याचा उल्लेख नव्हता. दिसायला ट्रॅफिक पोलिसांच्या चलनासारखी, आणि माझी खात्री आहे की ती तशी दिसावी म्हणूनच छापलेली होती. वाहतुकीचं चलन वाटून माणसं घाबरतात आणि पैसे भरून मोकळी होतात. आमच्याकडे बहुतेकांनी तेच केलं. शिवाय संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दंड झालेल्या फ्लॅट नंबरांची यादी यायची. चार लोकांत नाव नको म्हणूनही अनेकांनी पैसे भरले.

मी भरले नाहीत. पावत्या येत राहिल्या, मी प्रत्येकीचा फोटो काढत राहिले: गाडी, खांबावरचा पार्किंग नंबर आणि पावती एकाच फोटोत. ही सवय मला पुढे फार उपयोगी पडली. गाडी माझ्याच जागेवर होती, रेषेच्या आत होती, कोणाची वाट अडवत नव्हती, हे नंतर कुणाला नाकारता आलं नाही.

मग एका सकाळी जॅमर लागला. बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं, अपॉइंटमेंट ठरलेली, ते लिफ्टमधून काठी टेकत खाली आलेले. जॅमर काढायचे 500 वेगळे. गेटवरच्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याच्या हातात चावीही नव्हती. मी पैसे यूपीआयने पाठवले आणि शेऱ्याच्या जागी “हरकत नोंदवून” असं टाइप केलं. पैसे गेल्यावर स्क्रीनवर नाव आलं ते सोसायटीचं नव्हतं, एजन्सीचं होतं. तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवला. माझ्या सोसायटीचा नियम मोडला म्हणून मला दंड होत असेल, तर तो पैसा सोसायटीच्या खात्यात का जात नाही, हा प्रश्न मला तिथे, त्या स्टिल्टखाली उभी असतानाच पडला.

जॅमरबद्दल इथेच सांगून टाकते. चाकाला जॅमर लावण्याचा उल्लेख मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मध्ये आहे. पण ते कलम सार्वजनिक जागेवर दहा तास किंवा जास्त काळ सोडून दिलेल्या, किंवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेल्या गाडीबद्दल आहे, आणि तो अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे. सोसायटीच्या आवारात एजन्सीच्या माणसाला हे कलम काही देत नाही. एजन्सीने आमच्या नोटीस बोर्डावर “मोटार वाहन कायद्यानुसार कारवाई” असा फलक लावला होता. मी लेखी विचारलं, कोणत्या कलमानुसार? उत्तर आलं नाही, फलक मात्र काही दिवसांनी उतरला.

पुढच्या मेंटेनन्स बिलात “पार्किंग पेनल्टी” अशी नवी ओळ आली, आणि त्याच्या पुढच्या बिलात त्या रकमेवर व्याज. आता हे प्रकरण गंभीर होतं. आमच्या सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे थकबाकीवर दरसाल 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, आणि बिलं तीन महिने थकली की सभासद थकबाकीदार ठरू शकतो. थकबाकीदाराचं सभेत कोण ऐकून घेणार? म्हणजे दंडाविरुद्ध बोलण्यातलं वजनच दंड न भरल्यामुळे जायचं. सोसायटीचं अ‍ॅप बिलाची अर्धवट रक्कम घेत नव्हतं. मग मी दंड आणि त्यावरचं व्याज वगळून बाकी सगळी रक्कम एनईएफटीने थेट सोसायटीच्या बँक खात्यात भरली आणि त्याच दिवशी पत्र दिलं: सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणी, पार्किंग चार्जेस, सगळं भरलं आहे, वादातली रक्कम एवढी, ती का नाकारते आहे ते पुढीलप्रमाणे. ज्यांना अशी वेळ येईल त्यांनी हे नक्की करावं. सगळं बिलच अडवून धरलं तर मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि आपण फक्त पैसे बुडवणारे दिसतो.

ते पत्र सेक्रेटरींनी घेतलं नाही. “ठेवून जा, बघतो” म्हणाले, पण पोच द्यायला तयार नव्हते. बाबांनी नोकरीची बरीच वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. ते म्हणाले, “पोच नसलेलं पत्र लिहिलंच नाही असं समज.” मी ते स्पीड पोस्टने पाठवलं आणि सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरही टाकलं. त्या दिवसापासून तोंडी बोलणं मी जवळजवळ बंद केलं. लिफ्टमध्ये कोणी काही सांगितलं तर घरी येऊन ईमेल करायची: आज आपण असं म्हणालात, माझी समजूत बरोबर आहे ना, कळवावे.

आता उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली. आम्ही सगळे त्यांना बायलॉज म्हणतो आणि कोणीच वाचत नाही. राज्याचे आदर्श उपविधी 2014 चे आहेत, सहकार आयुक्तांच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि ठाण्यातल्या जिल्हा हाउसिंग फेडरेशनकडे छापील पुस्तक मिळतं. पण आदर्श उपविधी वाचून थांबू नका. आपल्या सोसायटीने स्वीकारलेले आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदवलेले उपविधी कोणते, ते आधी विचारा. काही जुन्या सोसायट्या अजून आधीच्या उपविधींवर चालतात. आमच्या सोसायटीने 2014 चे स्वीकारलेले होते, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

पहिली गोष्ट सापडली ती स्टिकरची. पार्किंगच्या जागेसाठी कोणता सभासद पात्र, हे सांगताना उपविधींमध्ये सभासदाची स्वतःची गाडी आणि त्याला नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेली गाडी, दोन्हींचा उल्लेख आहे. भागीदारी फर्मची किंवा तो संचालक असलेल्या कंपनीची गाडीही त्यात येते. म्हणजे माझ्या गाडीला स्टिकर नाकारायला नियमात आधारच नव्हता. एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना कमी होता, आणि त्याची शिक्षा मी भोगत होते.

दुसरी गोष्ट दंडाची, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. उपविधींचा भंग झाला तर किती दंड, हे ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. त्यानंतरही आधी सचिवाने कारणे दाखवा नोटीस द्यायची, सभासदाला आपलं म्हणणं मांडू द्यायचं, आणि मग निर्णय. यातली एकही पायरी त्या चिकटवलेल्या पावतीत नव्हती. गुन्हा कोणता ते ठरवणारा, दोषी कोण ते ठरवणारा, दंड आकारणारा आणि तो खिशात घालणारा, चारही कामं एकच माणूस करत होता, आणि तो माणूस सोसायटीचा सभासदही नव्हता.

मग कमिटीने हे कोणत्या ठरावावर केलं? ते बघायला इतिवृत्त हवं. सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम 154ब-8 सभासदाला सभांची इतिवृत्तं, लेखे, स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघायचा आणि फी भरून प्रती घ्यायचा हक्क देतं. प्रती 45 दिवसांत द्यायच्या असतात. मी कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला आणि त्यात “सर्व कागदपत्रे” असं मोघम न लिहिता नेमकं लिहिलं: अमुक सभेचं इतिवृत्त, एजन्सीच्या नेमणुकीचा कमिटीचा ठराव, एजन्सीबरोबरचा करार आणि त्याची जोडपत्रं. करारासाठी टाळाटाळ झाली, “गोपनीय आहे” असं उत्तर आलं. मी लिहिलं की ज्या कराराखाली माझ्याकडून पैसे घेतले जातात तो माझ्यापासून गोपनीय कसा, आणि कागद मिळाले नाहीत तर उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागेल. मग एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बोलावणं आलं.

वार्षिक सभेच्या इतिवृत्तात ते अगदी शेवटी होतं, ऐनवेळच्या विषयांत. एकच वाक्य: पार्किंगला शिस्त लावण्यासाठी योग्य एजन्सी नेमण्याचे अधिकार कमिटीला देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. “दंड” हा शब्द त्यात नव्हता. रक्कम नव्हती, जॅमर नव्हता. सभेच्या सूचनेत या विषयाचा उल्लेखही नव्हता. वार्षिक सभेची सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते ती याचसाठी, की काय ठरणार आहे ते बघून माणसाने यावं. सभेला आलेले पंचवीस-तीस लोक जेवणाच्या पाकिटांची वाट बघत असताना शेवटच्या मिनिटाला झालेल्या त्या एका वाक्यावर पुढचं सगळं चाललं होतं.

आणि कराराच्या जोडपत्रात दर होते. 1,000, जॅमरचे 500, पुन्हा सापडल्यास दुप्पट. ते कमिटीच्या तीन पदाधिकाऱ्यांनी आणि एजन्सीने मिळून ठरवलेले. त्याखाली आणखी एक ओळ होती: वसूल झालेल्या दंडातला मोठा हिस्सा एजन्सीचा. तेव्हा मला कळलं की एजन्सीची महिन्याची फी इतकी कमी का होती. कमिटीलाही तीच गोष्ट आकर्षक वाटली असणार, सोसायटीवर भार नाही, व्यवस्था फुकटात. पण ज्याची कमाई दंडावर आहे त्याला चूक कोणाची हे ठरवू देऊ नये. गेटवरच्या एका मुलाने मला नंतर सांगितलं की रात्रपाळीला ठराविक पावत्या झाल्या नाहीत तर सुपरवायझर बोलतो. बारा-बारा तास उभं राहणारी ती मुलं. लोक त्यांच्यावर ओरडत होते आणि वरून त्यांच्यावर दबाव होता. त्यांच्यावर राग काढू नका ही माझी कळकळीची विनंती आहे.

करार हाती आल्यावर मी तो दोन-चार जणांना दाखवला आणि मग एकेक जण बोलू लागला. चौथ्या मजल्यावरच्या ताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, आरसी अजून त्यांच्याच नावावर, म्हणून स्टिकर नाही आणि पावत्या मात्र चालू. त्या दर वेळी गप्प पैसे भरत होत्या. आमच्या शेजारच्या काकांचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगी पुण्याहून येऊन राहिली, तिच्या गाडीला रोज पावती, काकांची स्वतःची जागा रिकामी असताना. ए विंगमधला एक भाडेकरू मुलगा मालकाच्या जागेवर गाडी लावतो, मालक दुबईला, त्याच्यावर सगळ्यात जास्त दंड. खरोखर वाट अडवणाऱ्या गाड्यांपैकी काहींना मात्र पावती नव्हती, कारण त्यांच्यावर स्टिकर होता. हे ऐकून मी फार अस्वस्थ झाले. तोपर्यंत मी माझ्या गाडीपुरतं भांडत होते.

कुठे दाद मागायची, यात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं थांबते. उपविधींच्या तक्रार निवारणाच्या भागात कोणती तक्रार कोणाकडे न्यायची ते दिलेलं आहे. आधी कमिटीकडे लेखी अर्ज, हे सगळ्यांना लागू. मग बिल्डरशी वाद असेल तर दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक आयोग, बेकायदा बांधकाम असेल तर महापालिका. पार्किंगचा वाद आणि जादा वसुलीचा वाद सहकार न्यायालयात, सहकार कायद्याच्या कलम 91 खाली. सचिव पत्रच स्वीकारत नसेल तर ती तक्रार फेडरेशनकडे. आणि कमिटीने जास्त दंड आकारला असेल तर ती तक्रार सर्वसाधारण सभेपुढे. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. उपनिबंधकांच्या कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं, की कागदपत्रं देत नसतील तर आम्ही निर्देश देऊ, पण दंड योग्य की अयोग्य हे आधी तुमच्या सभेत न्या. ओळखीच्या वकिलांचं मतही विचारलं. सहकार न्यायालयात माझी बाजू चांगली आहे, पण वेळ जाईल आणि निकाल माझ्यापुरता येईल, असं ते म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्या ताईंना त्याचा काय उपयोग झाला असता? मी सभेचा रस्ता धरला.

विशेष सर्वसाधारण सभेसाठी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी करावी लागते. आमच्याकडे 160 म्हणजे 32 सह्या. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं त्याचीच सही घेतली, उगाच नंतर खोडा नको. मागणीपत्रात विषय स्पष्ट लिहिले: एजन्सीच्या करारातील दंडाच्या तरतुदी रद्द करणे, आजवर लावलेले दंड रद्द करून रक्कम परत करणे, पार्किंगचे नियम आणि दंडाचे दर सभेने ठरवणे. सह्यांसाठी दारोदार जाणं मला आधी जड वाटत होतं. पण लोकांनी बसवून चहा दिला, आपल्या पावत्या काढून दाखवल्या. लागत होत्या त्याहून पुष्कळ जास्त सह्या झाल्या. अशी मागणी आल्यावर एका महिन्याच्या आत सभा बोलवावी लागते.

मधल्या काळात मला कमिटीची कारणे दाखवा नोटीस आली. तारीख सगळ्या पावत्यांनंतरची. मी एक पानाचं उत्तर दिलं: दंड आधी लागला, नोटीस आता येते आहे, तरीही म्हणणं मांडते. सोबत वाटपपत्र, एचआरचं पत्र, फोटो, उपविधींचं पान. कमिटीसमोर बोलावलं तेव्हा शांतपणे तेवढंच बोलले. चेअरमन मला म्हणाले, “ताई, तुमचा दंड आम्ही माफ करतो, विषय संपवा.” मी नको म्हणाले. माफी चूक करणाऱ्याला करतात. मला दंड रद्द झाल्याचा ठराव हवा होता, आणि तो सगळ्यांसाठी हवा होता.

सभा क्लब हाउसमध्ये झाली आणि इतकी गर्दी मी आमच्या कुठल्याही सभेला पाहिली नव्हती. सुरुवातीचा बराच वेळ भलत्याच वादात गेला. एक गृहस्थ उठले, म्हणाले, आम्ही बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलं आहे, आम्हाला सोसायटीचे नियम लागूच होत नाहीत. दुसरे म्हणाले, मग ज्यांनी विकत घेतलं नाही त्यांनी बाहेर लावावी का? आवाज चढले. शेजारचे काका तयारीनिशी आले होते. त्यांनी 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. आपल्या जवळच्याच, दहिसरच्या सोसायटीचं प्रकरण. स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नाही, ती इमारतीच्या सामायिक जागेचा भाग आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. काका म्हणाले, “जागा सोसायटीची आहे म्हणूनच नियम सोसायटीने करायचे. पण सोसायटी म्हणजे ही सभा. तीन पदाधिकारी आणि एक एजन्सी नव्हे.” त्यानंतर सभा ताळ्यावर आली.

मी उभी राहिले तेव्हा तीनच प्रश्न विचारले. दंडाचे दर या सभेने कधी मंजूर केले? दंड झालेल्यांपैकी कोणाला आधी नोटीस मिळाली? पैसे कोणाच्या खात्यात गेले? इतिवृत्ताचं ते एक वाक्य आणि कराराचं जोडपत्र वाचून दाखवलं. हिश्शाची ओळ वाचली तेव्हा सभागृहात एकदम गलका झाला, बहुतेकांना ती माहीतच नव्हती. ताई स्वतःहून बोलल्या. त्या कधी सभेत बोलत नाहीत. आरसीवरचं नाव बदलायला मला अजून जमलेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

चेअरमन चिडले नाहीत. ते म्हणाले, बंबाची वाट मोकळी ठेवायची तर मग करायचं काय, ते सांगा. हा प्रश्न खरा होता आणि त्यावर सभेने खरोखर काम केलं, याचं मला समाधान आहे. जॅमर बंद. एजन्सीने फक्त फोटोसह नोंद करायची, दंड करायचा नाही. नोटीस सचिवाच्या सहीने जाईल, सभासदाला उत्तर द्यायला मुदत मिळेल, आणि दंडाचा पैसा सोसायटीच्या खात्यातच जमा होईल. बंबाची वाट अडवणाऱ्या गाडीला सगळ्यात जास्त दर, मग तिच्यावर स्टिकर असो वा नसो. स्वतःच्या जागेवर कुटुंबातल्या कोणाचीही, नोकरीतून मिळालेली किंवा दिवंगत सभासदाच्या नावावरची गाडी स्वयंघोषणेवर चालेल. पाहुण्यांसाठी गेटवर पास, घरात आजारी माणूस असेल तर वाढीव मुदतीचा. आणि आधीचे सगळे दंड रद्द. एजन्सीने दंडातला हिस्सा सोडायला नकार दिला तर करार पुढे वाढवायचा नाही, हेही ठरलं. ती शेवटी काम सोडून गेली.

पैसे परत मिळवणं ठरावाइतकं सोपं नव्हतं. बिलात लागलेले दंड आणि व्याज पुढच्या बिलात वजा झाले, ते लगेच. पण क्यूआर कोडवर भरलेले पैसे एजन्सीकडे होते. इथे स्क्रीनशॉट असलेल्यांचं काम झालं. कमिटीने यादी केली आणि एजन्सीच्या शेवटच्या बिलातून ती रक्कम कापून सभासदांना दिली. माझे जॅमरचे 500 त्यातच आले. ज्यांनी गेटवर रोख दिले होते आणि पावती फेकून दिली होती, त्यांचं मात्र अडलं. रोख देऊ नका, आणि पावती कितीही राग आला तरी फाडू नका.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ए विंगमधल्या त्या भाडेकरू मुलाचे पैसे परत आलेले नाहीत. तो सभासद नाही, त्यामुळे यादीत त्याचं नाव घालायला कमिटी तयार नव्हती, आणि दुबईच्या मालकाने दंडाची रक्कम त्याच्या डिपॉझिटमधून कापायचं ठरवलं आहे. सभेचा ठराव “सर्व दंड” असं म्हणतो, “सभासदांचे दंड” असं म्हणत नाही. मी मालकाच्या नावाने अर्जाचा मसुदा तयार करून त्यांना ईमेल केला आहे, सोबत ठरावाची प्रत आणि त्या मुलाने जपून ठेवलेल्या पावत्या जोडल्या आहेत. मालकांनी सही करून पाठवतो असं कळवलं आहे. कमिटीची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, त्याआधी तो अर्ज पोच घेऊन द्यायचा आहे.